पोरांना घेऊन मदत मागायला गेलो तेव्हा: सखी सेंटर, संरक्षण अधिकारी आणि पोलीस ठाण्यातला विशेष कक्ष, एका आत्याचा रिव्ह्यू

हॉटेलचा रिव्ह्यू मिळतो, मिक्सरचा मिळतो, पण नवरा मारतो म्हणून बाई पोरांना घेऊन जिथे जाते त्या सरकारी ठिकाणांचे रिव्ह्यू शोधायला गेलं तर एक तर मॅपवर जागाच चुकीची असते, नाहीतर कोणीतरी "गुड सर्व्हिस" लिहून पाच स्टार ठोकलेले असतात आणि त्याखाली एकाने पार्किंग नाही म्हणून एक स्टार दिलेला असतो. म्हणून म्हटलं बसून लिहावंच. जिल्ह्याचं नाव देत नाही, पश्चिम महाराष्ट्र एवढं पुरे. पोरं शाळेत जातात आणि आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात.

एक आधीच सांगते, मी यातली नणंद आहे. मार खाणारी माझी वहिनी, मारणारा माझा सख्खा भाऊ. यावर "घरातलं बाहेर कशाला काढायचं" म्हणणारे म्हणतीलच, आमच्या आईनेही तेच म्हटलं, तिच्याशी तो वाद अजून चालू आहे, तो इथे नको. थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. त्या रात्री काय झालं ते लिहिणार नाही, उद्या ही पोरं मोठी होतील आणि वाचतील. एवढंच की थोरली मध्ये पडली आणि तिच्या मनगटाला लागलं. त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे मी एकच बघत होते, इथे पोरांकडे कोणाचं लक्ष जातंय का. स्टार त्याच हिशोबाने दिलेत.

११२ ला फोन केला तर गाडी लवकर आली, त्याबद्दल तक्रार नाही. आलेल्या दोघांनी भावाला दम दिला, वहिनीला म्हणाले सकाळी ठाण्यात या, एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊ, आणि गेले. पोरं तेव्हा आतल्या खोलीत कॉटखाली होती. आत जाऊन बघावं असं दोघांनाही वाटलं नाही. सकाळी ठाण्यात (कुठलं ते राहू दे) अंमलदार म्हणाले, "ताई, पोरांकडे बघून मिटवून टाका." हे वाक्य ऐकायची सवय करून घ्या, पुढे प्रत्येक टेबलावर मिळणार आहे. भावकीतले काका तेच म्हणाले, ओळखीचे वकील तेच म्हणाले, देवळात भेटलेल्या बायकाही तेच. आणि म्हणणाऱ्यातला एकही जण पोरांकडे बघत नव्हता. थोरली तिथेच बाकड्यावर सुजलेला हात मांडीवर घेऊन बसलेली, तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर कळलं की नवऱ्याने आणि सासरच्यांनी छळ करणं हा बाईने स्वतः फिर्याद दिली तर दखलपात्र गुन्हा आहे (म्हणजे पोलिसांनी कोर्टाला न विचारता एफआयआर घेऊन तपास करायचा असा), जुन्या दंड विधानातलं ४९८-अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे एनसीवर बोळवण करून घ्यायची गरजच नव्हती. दोन स्टार, तेही गाडी लवकर आली म्हणून.

सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमेची पोलिसांसाठी होते ती नोंद, करून घ्या, कितीही दमला असाल तरी. आणि काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचा, कारण वहिनीने सांगितलं एक आणि कागदावर आलं "घरात पडून मार", मग परत रांग लावून दुरुस्त करून घेतलं. पोरीचा केसपेपर वेगळा काढायला लावला, काउंटरवरचा माणूस म्हणे आईच्या पेपरवरच लिहितो ना, कशाला वेगळा. कशाला म्हणजे? हात तिचा आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सेहत संस्थेने मिळून दिलासा केंद्र काढलं, तिथे डॉक्टर-नर्सनाच शिकवलं की अशी जखम दिसली की काय विचारायचं, कसं विचारायचं, नवऱ्याला बाहेर कसं बसवायचं, आणि पुढे ते महापालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही नेलं. आमच्याकडे तसलं काही नाही, आमच्याकडे नवरा शेजारी उभा असताना विचारतात "कसं लागलं?"

आता सखी वन स्टॉप सेंटर. ही केंद्र सरकारची योजना, २०१५ पासूनची, निर्भया फंडातून चालते, पोलीस, वकील, दवाखाना, समुपदेशन आणि तात्पुरतं राहणं सगळं एकाच छपराखाली अशी कल्पना, पैसे काही लागत नाहीत. १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन केला की ते जोडून देतात, आम्ही तसंच गेलो. पाच दिवसांपर्यंत राहता येतं. आमच्या जिल्ह्यातलं दवाखान्याच्या आवारात मागच्या बाजूला आहे आणि रिक्षावाल्याला माहीत नव्हतं, आवारातल्या वडापाववाल्याला मात्र बरोबर माहीत होतं.

रात्री पोचलो. ड्युटीवर एक मावशी होत्या, त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी "पोरं जेवलीत का" विचारलं आणि वरण-भात गरम करून वाढला, वर शेंगदाण्याची चटणी. आधार कार्ड घरीच राहिलं होतं, म्हणाल्या सकाळी बघू. रात्री धाकट्याने गादी ओली केली (त्याचं हे वर्षभर चाललंय) आणि सकाळी वहिनी शरमेने चादर लपवायला बघत होती तर मावशींनी काही न बोलता दुसरी चादर आणून टाकली आणि त्याला म्हणाल्या, "चल, तुला मांजर दाखवते मागं." या मावशींना माझ्याकडून पाच स्टार, दहा असते तर दहा दिले असते.

पण दिवस उजाडल्यावर ऑफिस सुरू झालं आणि पोरं सामानासारखी झाली. एका टेबलावर वहिनीने सगळं सांगितलं, मग समुपदेशक मॅडमना पहिल्यापासून सांगितलं, मग कायद्याच्या मॅडमना, मग पोलीस आल्यावर त्यांना, आणि प्रत्येक वेळी धाकटा मांडीवर आणि थोरली शेजारी. तेच ते, तीच रात्र, पोरांच्या कानावर पुन्हा पुन्हा. त्यांना जरा बाजूला कोणी घेऊन बसावं हे कोणाला सुचलं नाही असं नाही, बसवायला जागा आणि माणूस दोन्ही नव्हतं. एक खेळणं नाही, खडू नाही, टीव्ही आहे तो बंद. थोरलीने भिंतीवरचं पोस्टर इतक्या वेळा वाचलं की तिला योजनेचं पूर्ण नाव पाठ झालं. धाकट्याने मला विचारलं, "आत्या, आपण इथे ॲडमिट आहोत का?"

आणखी एक, ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांनी हे आधी फोन करून विचारून घ्या. मुली कुठल्याही वयाच्या चालतात पण मुलग्यांना वयाची मर्यादा आहे. आम्ही असताना एक बाई आली, तिचा मुलगा नववीतला, मिसरूड फुटलेला. त्याला ठेवता येणार नाही म्हणाले, मामाला फोन लावला आणि आई-बहीण आत आणि हा मामाच्या मोटरसायकलवर दुसऱ्या तालुक्यात. आत इतर बायका-मुली असतात, नियम का आहे ते कळतं मला. पण तोच पोरगा बापाचा हात धरायला पुढे झालेला असतो, आणि सगळ्यांची सोय होते तेव्हा त्याची नेमकी होत नाही. त्याच्यासाठी दुसरी काय व्यवस्था हे त्याच टेबलावर सांगितलं पाहिजे, मुलांच्या संरक्षणाचं बघणारी बालकल्याण समिती आहे, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, नुसतं "मामा आहे का" हे उत्तर नाही झालं. सेंटरला एकूण तीन.

तिथून आम्हाला सांगितलं की तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष आहे, तिथे जा. मी मनात म्हटलं परत पोलीस ठाणं, परत "पोरांकडे बघून". पण हे वेगळंच निघालं. जागा पोलिसांची पण माणसं पोलीस नाहीत, समाजकार्य शिकलेल्या बायका असतात. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलिसांबरोबर मुंबईत पहिला कक्ष काढला, नंतर राज्याच्या महिला व बाल विकास विभागाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. नागपूर-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत भरोसा सेल आहेत ते पोलिसांचे, नागपूरचा २०१७ ला सुरू झाला, त्या दोन्हीत लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

खोली म्हणजे काय, दोन टेबलं, एक गोदरेजचं कपाट, पंखा फुल केला की कागद उडतात. ताईंनी आधी वहिनीला आत घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कोण?" नणंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. स्पष्ट सांगितलं, तुम्ही सासरकडच्या, तुम्ही बाहेर बसा, त्यांना तुम्ही हव्या असतील तर त्या सांगतील. रागच आला मला, एवढं सगळं मी धावपळ करतेय आणि मलाच बाहेर. पण विचार केला तर बरोबरच आहे हो, गोड बोलून सोबत येणाऱ्या नणंदा काय कमी असतात? नंतर वहिनीनेच बोलावलं.

मग त्यांनी जे केलं ते मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही. वहिनीला माझ्याजवळ बसवलं आणि पोरांशी एकेकट्याने बोलल्या. दार उघडं ठेवून, म्हणजे पोरांना आई दिसत राहील पण आपलं बोलणं ऐकू जाणार नाही. थोरलीला एकदम "काय झालं सांग" असं विचारलंच नाही. शाळा कुठली, कुठले सर आवडतात, खोखो खेळतेस का. मग एका कागदावर तिला घराचा नकाशा काढायला लावला. दार कुठे, मोरी कुठे, तू झोपतेस कुठे. आणि मग विचारलं, आवाज चढला की तू यातल्या कुठल्या कोपऱ्यात जातेस? तिने स्वयंपाकघराच्या दारावर बोट ठेवलं. ताई म्हणाल्या, तिथे का? म्हणाली, "तिथून मम्मीला पटकन ओढता येतं."

मी बाहेर होते, हे सगळं ताईंनी नंतर वहिनीला सांगितलं, थोरलीला विचारून, की हे मी मम्मीला सांगू का. तेवढ्यासाठीसुद्धा विचारलं तिला.

त्याच कागदावर ताईंनी तिच्याबरोबर प्लॅन केला. मध्ये पडायचं नाही, मम्मीला वाचवणं हे तुझं काम नाही, मोठ्यांचं आहे. स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही कारण तिथे सुरी असते, गॅस असतो. धाकट्याचा हात धरून पुढच्या दाराने बाहेर, समोरच्या काकूंकडे. फोन लागला तर ११२, नाहीतर १०९८, आणि काय बोलायचं ते तीनदा म्हणून घेतलं, पत्त्यासकट, कारण घाबरल्यावर पत्ता आठवत नाही. समोरच्या काकूंना हे माहीत आहे का तेही विचारलं आणि वहिनीला म्हणाल्या आजच त्यांच्या कानावर घाला. वहिनीसाठी वेगळी यादी, एका पिशवीत पोरांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, शाळेची प्रगतीपुस्तकं, आणि ती पिशवी घरात नाही, काकूंकडे ठेवायची. आम्ही तेव्हा माहेरी जायचं ठरवत होतो तरी हा प्लॅन करायला लावला, म्हणाल्या बाई निघून जाते तेव्हाच धोका जास्त असतो.

धाकट्याला त्यांनी फक्त चित्र काढू दिलं. त्याने ट्रॅक्टर काढला. मला वाटलं आता त्या त्यात काहीतरी अर्थ शोधतील, त्या म्हणाल्या ट्रॅक्टर छान आहे, चाक जरा मोठं काढ. मग हळूच सांगितलं की पप्पा चिडतात ते तुझ्यामुळे नाही, तू गृहपाठ केला असतास तरी चिडले असते. तो म्हणाला, "पण त्या दिवशी मी केलाच नव्हता." कुठली गोष्ट पोरगं डोक्यात धरून बसलं होतं बघा.

पप्पा वाईट आहेत असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत पोरांसमोर. हे मला नंतर पटलं, तेव्हा नव्हतं पटलं.

भावाला त्यांनी पत्र पाठवून बोलावून घेतलं, त्याच्याशी वेगळं बोलल्या, मग वहिनीला विचारून एकत्र मीटिंग. समेट करा असा आग्रह नाही आणि सोडून द्या असाही नाही, तुम्हाला काय हवंय ते सांगा म्हणाल्या, आणि वहिनीला उत्तर द्यायला भरपूर वेळ दिला, कारण तिला असं कोणी आधी विचारलंच नव्हतं. मीटिंगमध्ये भाऊ म्हणाला, पोरांवर मी कधी हात टाकला नाही. ताई म्हणाल्या, पोरांनी बघितलं ना, ऐकलं ना, ते पोरांनाच झालेलं असतं. भाऊ गप्प बसला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ ची पाचवी फेरी, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलंय. त्याच पाहणीत बायकांना हेही विचारतात की तुमच्या लहानपणी वडील आईला मारायचे का, आणि हो म्हणणाऱ्यांमध्ये स्वतः मार खाण्याचं प्रमाण बरंच जास्त निघतं. पुरुषांचं मी वेगळं काय सांगू, माझ्या भावाने हे कुठे बघितलं ते मला माहीत आहे, मीही त्याच घरात होते, त्याच कॉटखाली. आई ज्याला "घरातलं" म्हणते ते हेच.

ताईंच्या कामात खोट काढायचीच तर ही की त्या दिवसाच्याच असतात. संध्याकाळी कुलूप. नवरा दारू पिऊन येतो रात्री, तेव्हा कक्ष नाही. आणि दोघींवर केवढं तरी मोठं क्षेत्र, एक कोर्टात किंवा गावभेटीला गेली की दुसरी एकटी, त्यामुळे तासन् तास बसावं लागतं आणि बसायला खुर्च्या कमी. साडेचार स्टार म्हणा.

पुढचा टप्पा संरक्षण अधिकारी. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, त्यात हे पद आहे आणि त्यांनी घटनेचा अहवाल, सगळे ज्याला डीआयआर म्हणतात, तो भरून मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा असतो. फी नाही. फॉर्ममध्ये पोरांची नावं, वय आणि सध्या कोणाजवळ राहतात याचा रकाना आहे, तो नीट भरून घ्या. आमच्या मॅडमकडे दोन तालुक्यांचा चार्ज आणि त्यात मीटिंगा, त्या भेटणं हेच अर्धं काम. भेटल्यावर मात्र बाई चोख. त्यांनीच सांगितलं की नुसतं पोटगी मागू नका, पोरांच्या शाळेजवळ यायला मनाई मागा (कलम १८ मध्ये शाळेचं नाव घेऊनच तरतूद आहे), पोरांचा तात्पुरता ताबा मागा (कलम २१), आणि घरात राहण्याचा हक्क सोडू नका. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सून बाहेर, हे आता चालत नाही, सुप्रीम कोर्टाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते एकत्र राहण्याचं घर ठरू शकतं. आमच्या आईला हा निकाल मीच वाचून दाखवला. पुढचं सांगत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, बहुतेक जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, बाई आहे एवढं पुरतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, मुलांनाही तसंच. १५१०० हा त्यांचा नंबर. मिळणारा वकील कसा निघेल ते नशीब, आम्हाला तरुण पोरगी मिळाली, अनुभव कमी पण फोन उचलते. कायदा म्हणतो पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा. हे वाचून कोर्टात जाऊ नका, मनस्ताप होईल. अंतरिम आदेश मात्र मागता येतो आणि तो मिळाला आम्हाला. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणून त्याच्या झेरॉक्स काढून एक शाळेत, एक पोलीस ठाण्यात, एक स्वतःच्या पर्समध्ये.

शाळेचं प्रकरण वेगळं लिहिण्यासारखं आहे कारण पोरांसाठी कोर्ट-बिर्ट सगळं लांब असतं, शाळा रोज असते. वहिनी माहेरच्या गावी आली. तिथल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत गेलो तर दाखला आणा, वडिलांची सही आणा. वडिलांची सही! जुन्या शाळेत दाखला मागितला तर ते म्हणे वडिलांनी सांगितलंय देऊ नका. मध्ये पोरं घरी, थोरली दिवसभर मोबाईल घेऊन. कक्षातल्या ताईंनी पत्र दिलं आणि शिक्षण हक्क कायद्याचं, २००९ च्या, कलम ५ लिहून दिलं त्यात, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. ते घेऊन आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक गुरुजींनी पत्र उघडलंही नाही. थोरलीला विचारलं, "कितवीत?" सहावी म्हणाली. "मग सहावीत जाऊन बस की. दाखला येईल मागनं." धाकट्याला स्वतः वर्गात सोडून आले. मग चहा मागवला आणि वहिनीला म्हणाले, पोरांना न्यायला कोण कोण येणार तेवढी नावं मला लिहून द्या, बाकी कोणाच्या हातात पोरगं जाणार नाही. कुठल्याही ट्रेनिंगशिवाय हा माणूस नेमकं बोलला. गुरुजींना पाच स्टार, खिचडीलाही चार.

पैशाचं थोडक्यात. बालसंगोपन योजना, हल्ली क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे, आईवडील विभक्त झाले असतील तरी मुलांना लागू होते, महिन्याला २२५० रुपये एका मुलाला, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. घरी चौकशीला येतात, बालकल्याण समितीसमोर जावं लागतं, कागद बरेच. मंजूर झालं तरी खात्यात वेळेवर पडेल या भरवशावर फी-बिस ठरवू नका.

जे मिळालंच नाही ते म्हणजे पोरांसाठी असा खास माणूस. कक्षातल्या ताई दोनदा-तीनदा बोलल्या पोरांशी पण त्यांच्याकडे रोज नवीन केस, त्या तरी किती पुरणार. तालुक्याला मुलांचा समुपदेशक नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे धाकट्याला नेलं, डॉक्टर चांगले होते, गादी ओली होण्याबद्दल त्याला रागावू नका, दडपण कमी झालं की कमी होतं म्हणाले, पण ओपीडीची गर्दी बघता त्याच्या वाट्याला पाच मिनिटं आली आणि जाऊन-येऊन एसटीत अख्खा दिवस. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, २०२२ पासून, फुकट, मराठीत बोलतात. वहिनी स्वतःसाठी करते तिथे फोन रात्रीचा आणि तिला बरं वाटतं. थोरलीने एकदा बोलून बघितलं, म्हणाली "ती बाई चांगली आहे पण मला समोर माणूस पाहिजे."

आणि भावासाठी? हे विचारलं की लोक चिडतात, मारणाऱ्यासाठी कशाला सोय. अहो पण पोरं त्याला भेटणार आहेत ना. कोर्टाने भेट ठरवून दिली, कोर्टाच्या आवारात. मोठ्या शहरांतल्या कौटुंबिक न्यायालयांत यासाठी वेगळी खोली असते, आमच्याकडे कडुनिंबाखालचा बाक आणि आजूबाजूला तारखेला आलेली माणसं. तो धाकट्याला रिमोटची गाडी घेऊन येतो, थोरली "हं" आणि "नाही" एवढंच बोलते. पोरांशी आता कसं वागायचं हे त्याला कोणीतरी शिकवायला पाहिजे, मी सांगून तो ऐकणार नाही. पुण्यात नारी समता मंचाने पुरुषांसाठी पुरुष संवाद केंद्र काढलं, मुंबईत मावा नावाची संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर हेच काम करते. आमच्या जिल्ह्यात दारू सोडवायचं केंद्र आहे, हात सोडवायचं नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कक्षाच्या खोलीला धड पाटी नाही, ठाण्यात शिरल्यावर अंमलदाराला कारण सांगत बसू नका, नुसतं "समुपदेशनवाल्या ताई कुठे बसतात" विचारा. सकाळी उघडायच्या वेळेला जा, दुपारनंतर त्या फिल्डवर असतात. घरच्या मोबाईलवरून फोन केला तर नंबर डिलीट करा किंवा शेजाऱ्यांच्या फोनवरून लावा. पोरांसाठी डबा, पाण्याची बाटली आणि चित्रकलेची वही न्या, रंगीत पेन्सिली तिथे एकच बॉक्स आहे आणि त्यातला निळा कायम हरवलेला असतो.